परत मागवलेले खिळे

“मग काय करू, उस्ताद? गाड्या परत मागवू, का गप्प बसू?”

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे एक बैल आडवा पाडलेला होता, त्याचे चारही पाय दोरानं बांधलेले होते, आणि उस्तादांनी ओठांत सहा खिळे धरले होते. तोंडात खिळे असलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, एवढंही भान दिगंबर रणवऱ्याला राहिलं नव्हतं.

दिगंबर हा काही साधासुधा माणूस नव्हे. पुण्याच्या पलीकडे मोटारींचा जो अवाढव्य कारखाना आहे, तिथल्या गुणवत्ता विभागाचा तो प्रमुख. त्याच्या सहीशिवाय तिथून एक गाडी बाहेर पडत नाही. आणि हा त्याचा गुरू फलटणच्या बाहेर, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, करंजाच्या झाडाखाली पत्र्याच्या छपरात बसून बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकत होता. पत्री म्हणजे बैलाचा नाल. डांबरी रस्त्यावर उसाची गाडी ओढायची तर बैलाला ती लागतेच.

इंजिनिअरिंगला असताना दोन सुट्ट्या दिगंबर या छपरात बसला होता. लोखंडाचा आवाज ऐकायला तो इथंच शिकला. कारखान्यातल्या भाषणांत तो उस्तादांचं नाव न चुकता घ्यायचा. फक्त नऊ वर्षांत इकडे फिरकला नव्हता, एवढंच.

आज फिरकला, कारण उद्या दुपारी चारला मीटिंग होती.

उस्तादांनी सहावा खिळा ठोकला, त्याचं खुराबाहेर आलेलं टोक मुरडलं आणि तोंड मोकळं झाल्यावर म्हणाले, “आता बोल.”

“ब्रेकच्या पेडलची एक पिन आहे. करंगळीएवढी. ती आम्ही बाहेरून घेतो. तिथल्या भट्टीचं तापमान अकरा दिवस चुकलं. पोलाद कडक झालं, पण ठिसूळ राहिलं.”

“किती गाड्यांत गेली?”

“तीन हजार दोनशे बारा.”

“सगळ्या पिना ठिसूळ?”

“नाही ना! तेच तर. कुठली चांगली, कुठली वाईट, वरून कळत नाही. आम्ही ठेवलेले नमुने तपासले, सगळे पास झाले. आजवर तुटलीय फक्त एक. दहिवडीच्या एका गॅरेजमध्ये, गाडी जागेवर उभी असताना. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.”

“तुला कसं कळलं?”

“त्या गॅरेजवाल्यानं पत्र लिहिलं. मदने मिस्त्री म्हणून कुणी आहे. वहीच्या रेघी कागदावर पत्र, आणि चिकटपट्टीनं चिकटवलेली तुटकी पिन.” दिगंबर जरासा हसला. त्या कागदाला सात सह्यांचा प्रवास करून वर यावं लागलं होतं, आणि प्रत्येकानं सही करताना नाक मुरडलं होतं.

“मग?”

“मग मी एक मधला मार्ग काढलाय.” दिगंबरनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. “गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली की पिन गुपचूप बदलून टाकायची. मालकाला कळणारही नाही. बोभाटा नाही, बदनामी नाही. सहा महिन्यांत सगळ्या गाड्या येऊन जातात.”

“सहा महिने...” उस्ताद म्हणाले.

“उस्ताद, सोळा वर्षं मी त्या खुर्चीवर आहे. सोळा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली एकही गाडी परत मागवावी लागली नाही. देशात असा दुसरा माणूस नाही.”

उस्तादांनी बैलाचे पाय सोडले. बैल धडपडत उठला, अंग झाडून उभा राहिला. गाडीवानानं त्याची वेसण धरली आणि नेला. उस्ताद त्याच्या चालीकडे तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

खरं तर दिगंबरला उत्तर नकोच होतं. त्याला आशीर्वाद हवा होता. निर्णय करून सल्ला विचारायला येणाऱ्यांतला तो काही पहिला नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावरून आरडाओरडा करत एक माणूस आला. मागे लंगडणारा बैल.

“चाचा! काल पत्री मारली न् आज बैल पाय टेकवीना! काय मारलं काय तुमी? मपला धंदा बुडवता का?”

तो आसाराम. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतला गाडीवान. कपाळावरच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

दिगंबर सवयीनं सावध झाला. तक्रार आली की आधी तारीख विचारायची, मग वापर कसा केला ते विचारायचं, मग दोष त्याचाच आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. ही कला त्याच्या हाताखालच्या लोकांनी फार वाढवली होती.

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले. वय शहात्तर, त्यामुळे उठायला वेळ लागला. ऐरणीपाशी त्यांचा बसायचा पाट होता, झिजून मध्ये खोलगट झालेला. त्यावर दुसरं कुणी बसत नसे. तो त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं पुसला आणि आसारामापुढे ठेवला.

“बस.”

“बसाया न्हाई आलो मी!”

“बस रे बाबा. आधी चहा घे.” भट्टीच्या कडेला निखाऱ्यांवर किटली होती. उस्तादांनी स्वतःच्या कपात चहा ओतला, दोन्ही हातांनी त्याला दिला. “लई उपकार झालं. लवकर आलास.”

आसारामाची मोठी पंचाईत झाली. हातात गरम कप असताना नीट भांडता येत नाही. तो पाटाच्या काठावर टेकला, फुंकर घातली आणि पुटपुटला, “तसं न्हाई चाचा... जनावराचं बघवत न्हाई, म्हणून...”

“तेच म्हणतो मी. तू बघितलंस.”

दिगंबरला ही रीत ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वीही हेच. या छपरात तक्रार घेऊन येणारा उस्तादांच्या पाटावर बसतो आणि पहिला कप त्याचा. ही गोष्ट तो भाषणात सांगायचा तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे.

“दिगंबर,” उस्ताद बैलाच्या खुराशी वाकत म्हणाले, “तुझ्या कारखान्यात चूक हुडकणाऱ्याला काय देतोस?”

“आमच्याकडे ढाल आहे. चांदीची. दर महिन्याला देतो.”

“चूक हुडकणाऱ्याला?”

“नाही... ज्या विभागातून एकही चूक वर येत नाही, त्याला.”

“आणि ज्यानं चूक वर आणली?”

“त्याच्याकडून... लेखी खुलासा घेतो.”

“हं.”

“पद्धत आहे ती, उस्ताद.”

“व्हय, व्हय. पद्धत पाहिजेच.”

आसाराम फुर्र करून चहा प्यायला. त्या आवाजाचा दिगंबरला उगाचच राग आला.

बैल पाडला. उस्तादांनी पकडीनं एकेक खिळा उपटायला सुरुवात केली. दोन नीट निघाले. तिसरा अर्धाच निघाला. उरलेला अर्धा खुरात राहिला होता, तो आत टोचत होता. उस्तादांनी तो हलक्या हातानं कोरून काढला, जखमेवर हळद भरली. मग काल फोडलेल्या जुडीतले खिळे घेऊन ते ऐरणीपाशी आले. पहिला खिळा हातोड्याखाली वाकला. दुसरा वाकला. तिसरा कट्‌कन तुटला.

तो आवाज दिगंबरनं ओळखला. डोळे मिटूनही ओळखला असता.

“नवा व्यापारी,” उस्ताद म्हणाले. “जुना लोहार गेला ना आपला. ह्यानं दोन जातीचं लोखंड मिसळलंय.”

“पण तुम्ही तर प्रत्येक जुडीतला एक खिळा वाकवून बघता!”

“काल बी बघितला. वाकला की.”

“म्हणजे नमुना पास झाला होता!” दिगंबर एकदम मोकळा झाला. हे त्याच्या घरचं अंगण होतं. “तुम्ही पद्धत पाळली, तपासणी केली, माल पास झाला. मग उस्ताद, यात तुमची काही चूक नाही.”

उस्तादांनी तुटक्या खिळ्याचे दोन तुकडे तळहातावर घेतले. खाली पडलेल्या बैलाकडे बोट केलं.

“त्याला सांग.”

बैल डोळे मोठे करून दिगंबरकडेच बघत होता. दिगंबरनं नजर वळवली.

आसारामाच्या बैलाला जुन्या लोहाराच्या राखून ठेवलेल्या खिळ्यांनी पुन्हा पत्री बसली. उस्तादांनी पकड, हातोडा, उरलेली जुनी जुडी पोत्यात घातली. दारावर साखळी चढवली. हंगामाचा दिवस, सकाळचे अकरा, आणि रस्त्यावर तीन गाडीवान बैल घेऊन थांबलेले. त्यांना हात जोडले. “आज न्हाई. उद्या या.”

मग दिगंबरकडे वळले. “गाडी आणलीस न्हवं? चल.”

“कुठं?”

“काल दिवसभरात आन् आज सकाळी मिळून तेरा बैलांना हे खिळे मारलेत. एक झाला. बारा हुडकायचेत.”

“उस्ताद, निरोप पाठवा ना! ज्याचा लंगडेल तो येईलच की.”

उस्ताद गाडीत बसलेसुद्धा. पोतं मांडीवर घेतलं, आणि पट्टा कुठं अडकवायचा ते शोधू लागले.

पहिली टोळी कालव्याच्या अलीकडे उतरली होती. पाचटाच्या झोपड्यांच्या वीसेक कोप्या, मध्ये मोकळी जागा. उस्ताद मधोमध जाऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “काल-आज मी ज्यांच्या बैलांना पत्र्या मारल्या ते म्होरं या! माझा खिळा वाईट निघालाय!”

एवढ्या मोठ्यानं? आणि ‘माझा’ कशाला म्हणायचं? व्यापाऱ्याचा म्हणा, लोखंडाचा म्हणा. शब्दाशब्दाला केवढा फरक पडतो! असं एखादं वाक्य तयार करायला त्याच्या कारखान्यात चार वकील बसायचे.

कोप्यांमधून बायामाणसं बाहेर आली. कुणीतरी हसलं. “चाचा म्हातारं झालं!” मुकादम म्हणाला, “आजचा उसाचा फड पडून राहील त्याचं काय?” एका गाडीवानानं तर साफ सांगितलं, “मपला बैल झकास चालतोय. चालत्या बैलाला कामून पाडायचं?”

“चालतोय तवरच पाडू दे,” उस्ताद म्हणाले.

आठ बैल निघाले. एकेक पाडायचा, खिळे उपटायचे, नवे मारायचे. ऊन चढलं. दिगंबरनं आधी कोट काढला, मग बाह्या सरसावल्या, मग कधी दोर धरून बैलाच्या मानेवर गुडघा टेकून बसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. इस्त्रीच्या पँटीला शेण लागलं. तीस वर्षांनी हाताला पुन्हा दोराचा काच बसला, आणि खरं सांगायचं तर तो बरा वाटला.

आठांपैकी दोघांच्या खुरांत ठिसूळ खिळे सापडले. बाकीच्या सहांचे चांगले होते.

गाडीत बसताना दिगंबर म्हणाला, “म्हणजे सहा बैल उगीचच पाडले.”

“कुठले सहा, ते आधी सांगायचंस की. न्हाई पाडले असते.”

गाडी कच्च्या रस्त्यावरून चालली होती. उस्ताद काचेतून बाहेर बघत होते.

“गाडी छान हाय,” ते म्हणाले.

“आमच्याच कारखान्याची.”

“त्या अकरा दिवसांतली?”

“छे! नाही.” दिगंबर चटकन म्हणाला. “कळलं त्याच दिवशी मी नंबर बघून घेतला.”

उस्तादांनी मान डोलावली. “बघून घेतलास...”

“हो.”

“बरं केलंस.”

एवढंच. आवाजात टोमणा नव्हता. असता तर दिगंबरनं काहीतरी उलट उत्तर दिलं असतं. पहिल्याच दिवशी, पत्र वाचून खाली ठेवायच्या आत, त्यानं पहिली कुठली गोष्ट केली होती? आपल्या गाडीचा नंबर बघितला होता. मग बायकोच्या गाडीचा. मग पुतण्याच्या. त्या तीन गाड्यांसाठी तो सहा महिने थांबला नव्हता. तीन हजार दोनशे बारा घरांतल्या कुणालाही तो नंबर बघायची सोय नव्हती, कारण ती सोय न देण्याचा कागद त्याच्या खिशात होता.

त्याला स्वतःची लाज वाटली. सोळा वर्षांत पहिल्यांदा, आणि चांगलीच वाटली.

दुसऱ्या टोळीत तीन बैल होते. तिथं फार बोलावं लागलं नाही. एक म्हातारा गाडीवान तर आपणहून बैल पाडून बसला होता. आसारामानं पुढं निरोप दिला होता म्हणे. तक्रार घेऊन आलेला माणूस चहा पिऊन उस्तादांचा दूत झाला होता.

राहिला एक. उत्तम नावाच्या गाडीवानाचा हिऱ्या.

“उत्तम तर गेला,” फडावरच्या बाईनं सांगितलं. “भरून निघाला कारखान्याला. आता पुलापाशी पोचला असंल.”

उस्तादांचा चेहरा बदलला. दिगंबरनं तो पाहिला आणि काही न विचारता गाडी वळवली. कालव्याच्या पुलावरचा चढ त्याला ठाऊक होता, आणि पलीकडचा उतारही. भरलेली उसाची गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते. त्या वेळी बैलाचे पुढचे दोन पाय हाच तिचा ब्रेक.

पुलाच्या माथ्यावर गाडी दिसली. उसाचा डोंगर, त्याच्यावर बसलेली बाई, जुवाशी उत्तम. उतार सुरू व्हायला पन्नास पावलं राहिली असतील. दिगंबरनं हॉर्न दाबला, वळसा घातला आणि आपली लखलखीत मोटार रस्त्यात आडवी घातली. उस्ताद दार उघडून उतरले आणि दोन्ही हात वर करून बैलांसमोर उभे राहिले.

“ओ चाचा! मरायचंय का?” उत्तम ओरडला. बैल थांबले. मागून ट्रॅक्टरवाले बोंबलायला लागले.

“चाकाला दगड लाव. हिऱ्याला सोड.”

“अवं पण त्याला काय झालंय? सकाळपासून वढतोय बिनतक्रार!”

“तो कुटं बोलणार हाय...”

काय उमगलं कोण जाणे, बाई वरून उतरली. तिनंच चाकांना दगड लावले. हिऱ्याला सोडून रस्त्याच्या कडेला पाडला. उजव्या पुढच्या पायाची पत्री. उस्तादांनी पकड लावली. जोर करावाच लागला नाही. पहिला खिळा तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याचं तर डोकंच नुसतं चिकटून राहिलं होतं. पत्री त्यांच्या हातात आली, पिकल्या पानासारखी.

ट्रॅक्टरवाले खाली उतरून बघायला आले.

उत्तमनं उताराकडे बघितलं. खाली वळण होतं, वळणाला कालवा होता. मग त्यानं बायकोकडे बघितलं. ती फडापासून त्या उसाच्या डोंगरावर बसली होती. तो खाली बसला आणि हिऱ्याच्या मानेवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

नवी पत्री बसली. बैल उठला. बाईनं फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले, त्यावर ठेचा ठेवला. एक उस्तादांना दिला. दुसरा दिगंबरपुढे धरला.

“घ्या दादा. तुमी गाडी आडवी घातली म्हणून... न्हाईतर आज...” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तुमचं लई उपकार.”

“माझे नाहीत, ताई,” दिगंबर घाईनं म्हणाला. “माझे काही नाहीत.”

“घ्या की.”

त्यानं घेतला. रस्त्याच्या कडेला उभं राहून, शेणाच्या हातांनी, तो भाकरी खायला लागला. ठेचा झणझणीत होता, पण डोळ्यांतलं पाणी ठेच्याचं नव्हतं. त्याला मदने मिस्त्रीच्या पत्राची शेवटची ओळ आठवली. इतके दिवस ती वाचून त्यानं सोडून दिली होती. ‘साहेब, ह्या गाडीतून एक मास्तर रोज चार लेकरं शाळेत नेतात. म्हणून लिहिलं. राग नसावा.’

राग नसावा! आणि दिगंबरच्या सहीनं त्याला काय उत्तर गेलं होतं? ‘आपले गॅरेज अधिकृत नाही. तरी कंपनीच्या भागांना आपण हात लावू नये.’

दहिवडीच्या कुठल्याशा टपरीत, तेलकट हातांच्या एका माणसानं तुटकी पिन फेकून दिली असती तर कुणाला कळलं असतं? नवी पिन टाकून तो मोकळा झाला असता. त्याऐवजी त्यानं वही फाडली, चिकटपट्टी शोधली, पत्ता विचारत बसला, टपाल केलं. कुणासाठी? ज्यांची तोंडंही त्यानं पाहिली नाहीत अशा तीन हजार दोनशे बारा घरांसाठी. आणि त्यांच्याआधी दिगंबर रणवऱ्यासाठी. त्या चार लेकरांचं काही झालं असतं तर या जन्मात दिगंबरला झोप लागली नसती. ती झोप त्या माणसानं वाचवली होती. आपल्यावर कुणाचे एवढे उपकार आहेत आणि आपण त्याला दटावलं, हे कळल्यावर त्याला भाकरी गिळवेना. तरी त्यानं ती संपवली. दिलेली भाकरी टाकता येत नाही.

दिवस कलताना ते छपरापाशी परतले. करंजाखाली सावल्या लांबल्या होत्या. उस्तादांनी साखळी काढली, पोतं खाली ठेवलं. दिवसभरात उपटलेले खिळे, चांगले आणि तुटके, एका डब्यात ओतले. तेरा बैलांचे खिळे. डबा हलवल्यावर खडखडला.

“आज खाडा झाला तुमचा,” दिगंबर म्हणाला. “आणि साऱ्या टोळ्यांत बोभाटा. उद्या लोक यायचे नाहीत.”

उस्ताद नुसते हसले. रस्त्यापलीकडे आताच चार बैल बांधलेले होते. त्यांचे गाडीवान विडी ओढत बसले होते. उद्या पहिला नंबर लागावा म्हणून आजच मुक्कामाला आले होते.

दिगंबर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातला कागद काढला, उलटा केला, ऐरणीवर ठेवला आणि कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. गाड्या कुठल्या, दोष कुठला, दोष आमचा, गाडी चालवू नका, आम्ही घरी येऊन घेऊन जातो. ‘आमचा’ हा शब्द लिहिताना हात जरा अडखळला. पण लिहिला. खाली सही केली.

“उस्ताद, उद्या चारला हेच मांडतो. झाडून सगळ्या परत मागवतो. चालणाऱ्यासुद्धा.”

उस्ताद किटलीखालचे निखारे फुंकत होते.

“खुर्ची जाईल कदाचित. ढाल तर मीच उतरवून ठेवणार आहे.” “तुम्ही आज मला वाचवलंत. तुमचे उपकार कसे फेडू...”

आणि साहेबाच्या कपड्यांतला तो पन्नाशीचा माणूस वाकला, उस्तादांच्या पायांकडे हात गेले.

उस्तादांनी पाय मागे घेतले.

दिगंबर तसाच वाकलेला राहिला. उस्ताद त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या सुरकुत्यांत हसू पसरत चाललं होतं. त्यांनी आपला झिजका पाट उचलला, फडक्यानं पुसला आणि त्याच्या पसरलेल्या हातांत दिला.

“गाडीत ठेव हा. आन् मला सांग... दहिवडीच्या त्या मिस्त्रीचं दुकान सकाळी किती वाजता उघडतं?”